बाद केलेला पंख

माझी वहिनी लोकांना उडायला शिकवते. दुकानात कुणाला हे सांगितलं की समोरची बाई आधी हसते आणि मग विचारते, "विमान का?" विमान नाही. कापडी पंख पाठीशी बांधायचा, डोंगराच्या उतारावरून जिवाच्या आकांताने धावायचं आणि पाय जमिनीवरून सुटले की वाऱ्यावर बसायचं. माझा दादा, म्हणजे तिचा नवरा, हेच सपाट मैदानावर शिकवतो; फक्त त्याच्या पाठीवर पंखा लावलेलं इंजिन असतं. त्याला पॅरामोटर म्हणतात. घरात जमिनीवरची माणूस मी एकटीच. माझं शिवणकामाचं दुकान आहे, शाळेचे गणवेश शिवते, आणि स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढायचा म्हटलं तरी मी शेजारच्या पोराला हाक मारते.

गेली दोन वर्षं लोक वहिनीला 'चाकूवाली' म्हणतात. ती भाजी घ्यायला गेली तरी मागे कुजबुज होते. जे झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि लोक ते इतकं उलटंपालटं करून सांगतात की तळपायाची आग मस्तकात जाते. म्हणून एकदा नीट सांगते.

आधी त्यांचं वर्ष कसं जातं ते ऐका, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पाऊस संपून उतारावरचं गवत वाळलं की हंगाम सुरू होतो. तेव्हा वारा शहाण्यासारखा वागतो. दहाच्या सुमाराला दरीतून वर यायला लागतो आणि दुपारपर्यंत एका लयीत राहतो. थंडीत दादाचे दिवस येतात. उजाडताना मैदानावर गवताचं पातं हलत नाही, तेव्हा तो शिकाऊ लोकांच्या पाठीवर पंचवीस-तीस किलोचं इंजिन चढवतो आणि आठवडाभर नुसतं पळायला लावतो. उडणं दूरच. उन्हाळ्यात जमीन तापते, गरम हवेचे झोत सरळ वर उसळतात, मैदानात वावटळी फिरतात. नवख्यांना सकाळचे दोन तास आणि संध्याकाळचा एक. मधला सगळा दिवस वहिनी डोंगरावर उड्डाणाच्या जागी छत्री घेऊन बसते आणि येईल त्याला 'नाही' म्हणते. लोक लांबून गाडी करून आलेले असतात, चिडतात, वाद घालतात. ती एकदा वारा दाखवणाऱ्या कापडी पिशवीकडे बोट दाखवते आणि पुन्हा 'नाही' म्हणते.

तिचं शिकवणं म्हणजे आरडाओरडा. नवखा माणूस पंख डोक्यावर आला की खुर्ची मिळाल्यासारखा पाय उचलून बसतो आणि ढुंगणावर आपटतो. त्यामुळे दिवसभर तिचं एकच चाललेलं असतं, "धाव! धाव! बसू नकोस! अजून जमीन आहे पायाखाली!" घरी आली की तिचा आवाज बसलेला असतो. पण अकरा वर्षांत तिच्या एकाही विद्यार्थ्याचं हाड मोडलेलं नाही. हे कुणी सांगत नाही. चाकू सांगतात.

पावसाळ्यात उडणं बंद. तेव्हा खरं काम असतं, तपासणीचं. गावाबाहेरचा जुना बॅडमिंटनचा हॉल ते दोघं चार महिने भाड्याने घेतात, कारण दोन माणसांचा पंख पसरायचा तर तेरा-चौदा मीटर जागा लागते. आजूबाजूच्या डोंगरांवरचे लोकही आपापले पंख तिथे तपासायला पाठवतात. दोऱ्या मोजायच्या, ताणून बघायच्या, संकटाच्या वेळी उघडायची राखीव छत्री सोडून नव्याने घडी घालायची. आणि कापड तपासायचं. त्याचं एक छोटं यंत्र असतं. ते कापडाला चिकटवलं की हवा ओढतं, आणि ठरलेली हवा आरपार यायला किती सेकंद लागले ते दाखवतं. नवं कापड पाच-पाच मिनिटं हवा अडवून धरतं. उन्हाने म्हातारं झालेलं कापड लगेच हवा सोडतं. गंमत म्हणजे दिसायला दोन्ही सारखीच. मी कापडातली आहे, तीस वर्षं हातात कापड आहे, पण मलासुद्धा नुसत्या बोटांनी ओळखता येत नाही.

"मग काय होतं?" मी एकदा विचारलं होतं. "फाटतं का?"

"फाटलं असतं तर बरं," वहिनी म्हणाली. "लोकांना दिसलं तरी असतं. असा पंख वर उघडा दिसतो, छान फुगलेला दिसतो, पण उडायचं थांबतो. पुढे जातच नाही. सरळ खाली येतो, लिफ्टची तार तुटल्यासारखा."

आता मालकाकडे येते. आमच्या डोंगरावर पर्यटकांना उडवायची एक कंपनी आहे. पर्यटक पुढे बसतो, पायलट मागे, दहा मिनिटं हिंडून खाली. कंपनीच्या मालकाला सगळे 'गॉगल' म्हणतात, कारण तो गॉगल डोक्यावर चढवूनच जन्मला असावा. डोळ्यांवर तो कधी मी पाहिला नाही. गोड बोलण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. वहिनीला 'मॅडम, मॅडम' करत असायचा. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात त्याने आठ पंख तपासायला पाठवले. सहा ठीक निघाले. दोन बाद. त्यातल्या एका निळ्या पंखाचं कापड अकरा सेकंदांत हवा सोडत होतं. वहिनीने तीन ठिकाणी तपासलं, दादाने पुन्हा तपासलं, मग दोघांनी मिळून पंखाच्या मधोमध खालच्या बाजूला लाल शाईने हातभर अक्षरांत 'बाद' लिहिलं.

मी त्या दिवशी हॉलमध्येच होते. त्याच निळ्या पंखाच्या टोकाजवळ आदल्या वर्षी मी ठिगळ लावून दिलं होतं. निळा धागा संपला म्हणून पिवळ्या धाग्याने शिवलं होतं आणि वहिनीने मला त्यावरून चिडवलंही होतं.

गॉगल पंख न्यायला आला. लाल अक्षरं बघून थोडा वरमला, मग हसला.

"मॅडम, एवढं मोठं लिहायचं? छोटंसं लिहिलं असतंत."

"छोटं लिहिलं की लोकांना वाचता येत नाही," वहिनी म्हणाली. "याचं काय करणार आहात?"

"काय करणार! स्टॉलवर सावलीला बांधू. पावसात गाडीवर टाकू."

"नक्की?"

"अहो मॅडम, माझीपण माणसं आहेत त्यात बसणारी!"

हे त्याचे शब्द. मी ऐकलेले.

पाऊस सरला. हंगामाचा दुसरा आठवडा होता, जोडून सुट्ट्या आल्या होत्या, डोंगरावर गाड्यांना जागा नव्हती. वहिनी खाली उतरायच्या मैदानावर होती, तिचे चार विद्यार्थी एकेक करून उतरत होते आणि ती वॉकीटॉकीवर ओरडत होती, "डावा हात कानापर्यंत! आता सोड!" मी एका विद्यार्थ्याच्या हार्नेसचा, म्हणजे अंगाला बांधायच्या बैठकीचा, उसवलेला पट्टा शिवून द्यायला गेले होते. तेवढ्यात कंपनीचा एक पंख मैदानावर आला. निळा. उतरताना शेवटी पायलट दोन्ही हात खाली ओढतो आणि पंख क्षणभर थांबल्यासारखा होऊन अलगद टेकवतो. या पंखाने टेकवलं नाही. तो दोघांना घेऊन धप्पकन बसला. पुढे बसलेल्या मुलीचा पाय मुरगळला. ती तरी हसतच होती, मोबाइलवर फोटो बघत होती. तिला काय माहीत!

वहिनी मात्र हसत नव्हती. पंख गवतावर पसरलेला होता. मधोमध कंपनीच्या जाहिरातीचं मोठं पांढरं कापड नव्याने शिवलेलं. मी त्या टोकाकडे बघितलं. पिवळा धागा.

"वहिनी," मी म्हटलं, "हे माझं ठिगळ आहे."

ती वाकली, पांढऱ्या कापडाची कड बोटाने उचलली. आत लाल रंग होता.

पायलट होता लंबू. वहिनीचाच विद्यार्थी. सहा फुटांच्या वर, पायही तेवढेच लांब, त्यामुळे पळण्यात पहिला. तिनेच त्याला परवान्यापर्यंत आणलं होतं, तिनेच कंपनीत चिकटवलं होतं.

"हा पंख कुठला रे?" तिने विचारलं.

"कंपनीचा, मॅडम."

"मला दिसतंय कंपनीचा आहे ते. उचलताना जड येतोय ना? वर यायला वेळ लावतोय?"

लंबू खाली बघत दोऱ्या गोळा करत राहिला. "थोडा सुस्त आहे. आज गर्दी आहे, मॅडम. वर लोक थांबलेत." आणि पंख पोत्यात कोंबून जीपकडे पळाला. पळाला म्हणजे खरंच पळाला.

वहिनीने लगेच गॉगलला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. तिने विद्यार्थी मैदानावरच असलेल्या दादाच्या स्वाधीन केले आणि पुढची जीप पकडली. मीही चढले. वर जायला पंधरा मिनिटं लागतात, वळणावळणाचा रस्ता. पूर्ण वेळ ती गॉगलचा फोन लावत राहिली.

आम्ही वर पोचलो तेव्हा पंख उतारावर पसरून झाला होता. पुढच्या पट्ट्यांत एक आजोबा अडकवलेले होते. निवृत्त पोस्टमन, हे नंतर कळलं. पासष्टावा वाढदिवस, मुलीने भेट म्हणून उडायला आणलेलं. बुटांना पॉलिश, पॅन्टला कडक इस्त्री, डोक्याला हेल्मेट. मुलगी मोबाइल धरून उभी. लंबू मागे पट्टे आवळत होता. गॉगल जरा बाजूला, गर्दीतल्या बायकांना रांगेत उभं करत होता.

"थांबवा हे," वहिनी त्याच्यासमोर जाऊन म्हणाली. "हा पंख मी बाद केलाय."

"मॅडम, नंतर बोलू ना."

"नंतर नाही. आत्ता. अकरा सेकंदांचं कापड आहे. दोन माणसांचं वजन घेऊन वर थांबेल तो."

गॉगलने आवाज खाली आणला. "सकाळपासून चार फेऱ्या झाल्यात. काही झालं का? उगाच लोकांना घाबरवू नका. तुमची शाळा वेगळी, माझा धंदा वेगळा." आणि मागे वळून ओरडला, "लंबू, वारा चांगला आहे. सोड!"

वहिनी लंबूकडे वळली. "लंबू, तू आजोबांना सोडव."

लंबूने तिच्याकडे पाहिलं, मग मालकाकडे. हात पट्ट्यावरच राहिले. आजोबा बिचारे दोघांकडे आळीपाळीने बघत होते. लंबूने पाऊल पुढे टाकलं.

उडणाऱ्या प्रत्येकाच्या पट्ट्याला एक आकड्यासारखा वाकलेला छोटा चाकू असतो. दोऱ्या गळ्याभोवती गुंतल्या, पाण्यात पडलं, तर कापून सुटायला. वहिनीने तो काढला आणि पसरलेल्या पंखाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत चालत गेली. कापड फाटत गेल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. नव्या ताग्याला कात्री लावल्यासारखा, पण लांबच लांब. मग परत फिरून दुसरीकडून. लोक म्हणतात तिचा तोल गेला. मुळीच नाही. पुढे मी तिला विचारलं, दोऱ्या का नाही कापल्यास, त्या हाताशी होत्या. ती म्हणाली, "दोऱ्या कापल्या असत्या तर आठ दिवसांत नव्या घालून त्याने तोच पंख उडवला असता." डोकं ठिकाणावर असलेल्या बाईचं उत्तर आहे हे.

मग जो काही गोंधळ! गॉगल ओरडतोय, गर्दी मोबाइल वर करून शूटिंग करतेय. आजोबा पट्ट्यांत अडकून तसेच उभे. त्यांची मुलगी वहिनीच्या अंगावर धावून आली. "आम्ही दोन महिने आधी ठरवलं होतं! त्यांचा वाढदिवस आहे! तुम्हाला लाज वाटत नाही?"

लाज! त्या मुलीला मी तेव्हा काय काय बोलले असते. वहिनीनेच माझा दंड धरला. आजोबांचे पट्टे तिने स्वतः सोडवले, "सांभाळून, उतार आहे" म्हणाली आणि खाली चालत निघाली.

दुसऱ्या दिवशी वहिनीवर तक्रार. मालमत्तेची नासधूस, ग्राहकांसमोर दहशत, कंपनीची बदनामी. चाकू हातात घेतलेल्या बाईचं शूटिंग गावभर फिरलं. त्यात ती पंख कापताना दिसते. जाहिरातीखालची लाल अक्षरं एकाही शूटिंगमध्ये नाहीत. परवाने देणाऱ्या कार्यालयाने चौकशी लावली, आणि चौकशी होईपर्यंत कापलेला पंख कुणाच्या ताब्यात ठेवला? मालकाच्या! मी हे ऐकलं तेव्हा मशिनवरून उठलेच. ज्याच्यावर संशय, त्याच्याच गोदामात पुरावा.

पहिल्या सुनावणीला वहिनीने आपली तपासणीची वही नेली. साहेबांनी उलटसुलट करून पाहिली.

"हे आकडे कुणी लिहिले?"

"मी."

"म्हणजे तुमच्याच हातचं."

"तपासणी मी केली, तर मीच लिहिणार ना, साहेब? कापड आहे अजून. पुन्हा तपासा. माझ्यासमोर नको, दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या."

तेव्हा गॉगलने चेहरा पाडून सांगितलं, की पावसाचं पाणी गोदामात शिरलं, तुकडे कुजून वास मारायला लागले, म्हणून टाकून द्यावे लागले. हंगाम चालू असताना, कोरडं ऊन पडलेलं असताना, त्याच्या एकट्याच्या गोदामात पाऊस! साहेबांनी मान डोलावून लिहून घेतलं.

मग मी उठले. ठिगळ माझं, धागा माझा, ओळखलं मी, असं सांगितलं. साहेब म्हणाले, "तुम्ही यांच्या कोण?"

"नणंद."

"मग तुम्ही त्यांच्याच बाजूने बोलणार."

आम्ही नणंद-भावजय एकमेकींशी बोलत नसतो तरच यांना पटलं असतं बहुतेक.

लंबूला विचारलं, पंखात काही दोष जाणवला होता का.  दोनदा विचारल्यावर म्हणाला, "तसं काही जाणवलं नाही." त्याने एकदाही वहिनीकडे पाहिलं नाही. त्याची बायको तेव्हा सातव्या महिन्यात होती, नोकरी गेली असती, हे सगळं मला माहीत आहे. तरीही मी त्याला माफ केलेलं नाही. वहिनीने केलंय की नाही ते ती सांगत नाही.

कार्यालयाने मध्यममार्ग काढला. वहिनीने माफीच्या दोन ओळी लिहून द्याव्या, प्रकरण मिटेल. न लिहिल्यास डोंगरावर एक हंगाम बंदी.

त्या संध्याकाळी घरात जे वाजलं ते शेजाऱ्यांनीही ऐकलं असेल. दादा जेवणाच्या टेबलाशी कागद घेऊन बसला होता.

"लिहून टाक ना. दोन ओळी आहेत. आपलं काय जातंय?"

"काय लिहू?" वहिनी म्हणाली. "चुकून कापला? तू सांग, तू लिही, मी सही करते."

दादाने पेन उघडलं. 'आमच्याकडून' एवढं लिहिलं. थांबला. आमचा दादा तसा कमी बोलणारा, भांडण टाळणारा माणूस. सगळ्यांशी त्याचं पटतं, इंजिनाशी सोडून. मग म्हणाला, "पण दुसऱ्यांदा तपासलं होतं मीच. मलाही अकराच आले होते." आणि उठून कागद चुरगाळून टाकला. त्यानंतर त्या दोघांत यावर वाद झाला नाही. मीच अधूनमधून उकरून काढते.

दुसऱ्या सुनावणीच्या आदल्या आठवड्यात एक माणूस मैदानावर येऊन उभा राहिला. थंडीचे दिवस होते, सकाळी दादा शिकाऊंना पळवत होता, पेट्रोल आणि ऑइलचा वास सगळीकडे. माणसाच्या बुटांना पॉलिश होतं. पोस्टमन आजोबा! मुलीला न सांगता बसने आले होते.

"बाई, मला त्या दिवशी तुमचा फार राग आला होता," ते वहिनीला म्हणाले. "पण ते अकरा सेकंद काय म्हणालात, ते डोक्यातून जात नाही. मला नीट समजावून सांगा."

वहिनीने यंत्र काढलं. एका नव्या पंखावर लावलं आणि आजोबांना घड्याळ बघायला सांगितलं. एक मिनिट झालं, दोन झाली, आजोबा कंटाळले तरी हवा आरपार येईना. मग तिने तपासणी शिकवायला ठेवलेला एक जुना तुकडा काढला. यंत्र लावलं. आजोबांनी घड्याळात डोकं घातलं आणि वर काढेपर्यंत संपलंसुद्धा.

"तो पंख असा होता?"

"साधारण असाच."

आजोबा गवतावर बसले. हातातली टोपी उगाच फिरवत राहिले. मग म्हणाले, "आणि मुलीने तुमच्याविरुद्ध लिहून दिलंय."

ते सुनावणीला आले. मुलीसमोर उभं राहून म्हणाले, "या बाईंनी मला वाचवलं असं माझं म्हणणं आहे. मालकांनी 'सोड' म्हटलेलं मी ऐकलं. पायलटला बाईंनी मला सोडवायला सांगितलं, तेही ऐकलं." अडतीस वर्षं घरोघर पत्र पोचवणारा माणूस, शब्दाला शब्द लावून, न अडखळता बोलला. साहेबांनी चष्मा पुसला. "आजोबा, तुमचं वय झालंय. त्या दिवशी धक्का बसला असेल. अशा वेळी नीट लक्षात राहत नाही." मुलगीसुद्धा म्हणाली, "बाबा, बसा ना."

आजोबा बसले नाहीत. "मग माझी साक्ष लिहून घेऊ नका, पण मी उभा राहतो," म्हणाले, आणि संपेपर्यंत भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांना खुर्ची द्यायचं त्या अख्ख्या कार्यालयात कुणाला सुचलं नाही. माझ्या शेजारची मी ओढत नेली.

निकाल लागला. कंपनीला 'समज' देण्यात आली. समज म्हणजे काय, तर एक पत्र. वहिनीला एक हंगाम डोंगरबंदी. म्हणजे बाद पंख उडवला तर पत्र, आणि उडू दिला नाही तर बंदी. मी कार्यालयाच्या पायरीवर मोठ्याने हे बोलले. वहिनी म्हणाली, "चल, गाडी चुकेल."

बंदी डोंगरावर होती, मैदानावर नाही. ती थंडी आणि तो उन्हाळा ती दादाबरोबर पॅरामोटर शिकवत राहिली. सोपं नव्हतं. तिला इंजिनाचा आवाज आवडत नाही. म्हणते, वारा ऐकूच येत नाही. काही विद्यार्थ्यांचे आईवडील शूटिंग बघून मुलांना काढून घेऊन गेले. ज्या बाईने त्यांच्या मुलांना अडवून अडवून धड घरी पाठवलं, तिच्याकडून! उन्हाळ्यातल्या दुपारी ती मैदानाच्या कडेला बसून डोंगराकडे बघायची. कंपनीचे पंख वर रांगेने फिरत असायचे. जो वारा चढला की ती 'नाही' म्हणाली असती, त्या वाऱ्यातसुद्धा. एका दुपारी एक पंख एका बाजूने मिटला, लोंबकळत वळला आणि कसाबसा पुन्हा उघडला. वहिनी उठून उभी राहिली होती. तिचे दोन्ही हात आपोआप वर गेले होते, हातातल्या ब्रेकच्या दोऱ्या सोडल्यासारखे. पंख सावरल्यावरच ती बसली. 

पावसाळा आला आणि हॉल पुन्हा उघडला. मला वाटलं होतं कुणी फिरकणार नाही. उलट झालं. लांबलांबच्या डोंगरांवरून पंख आले, आधीच्या वर्षापेक्षा दुप्पट. ज्या लोकांनी तोंडाने तिची बाजू घेतली नाही, त्यांनी स्वतःचे पंख मात्र तिच्याकडेच पाठवले. मला याचाही रागच आला. तिला नाही. ती म्हणाली, "पंख तर आले ना."

एक दिवस लंबू दारात उभा. खांद्यावर स्वतःचा पंख, नवाच घेतलेला. कंपनी सोडली होती, पलीकडच्या डोंगरावर काम बघत होता. आत येऊ की नको करत भिजत उभा राहिला. मी शिवणावरून मान वर केली नाही. वहिनीने पंख घेतला, पसरला, दोऱ्या मोजल्या, कापड तपासलं, तासभर गेला. 

"पंख ठीक आहे," ती शेवटी म्हणाली. "ब्रेकची गाठ चुकलीय. दोन्हीकडे. मी शिकवली होती तशी बांध."

त्याने तिथेच बसून गाठी सोडल्या आणि पुन्हा बांधल्या. तिने बघितल्या, ओढून पाहिल्या, पोतं त्याच्या हातात दिलं. तो गेला. "एवढंच?" मी म्हटलं. ती पुढचा पंख पसरायला लागली होती.

बंदीचा हंगाम संपून यंदा ती पुन्हा डोंगरावर गेली. दरम्यान नियम झालाय, प्रत्येक पंखावर वार्षिक तपासणीचा शिक्का हवा. ऐकून बरं वाटलं ना? शिक्का कुणाकडे आहे ते ऐका. गॉगलच्या मेव्हण्याकडे. त्याचं टायरचं दुकान आहे. तपासणीचं यंत्र त्याच्याकडे आहे का, असं मी एकदा मुद्दाम जाऊन विचारलं, तर म्हणाला, "अनुभवाने कळतं."

वहिनीने तक्रार केली नाही. तक्रारींचं काय होतं ते तिने पाहिलंय. ती सुट्टीच्या दिवशी विद्यार्थी दादाकडे सोपवते, आपलं यंत्र आणि एक घडीची खुर्ची घेऊन उड्डाणाच्या जागेजवळ बसते. शेजारी पाटी: 'तुम्ही ज्या पंखातून उडणार आहात त्याचं कापड तपासून मिळेल. तुमच्यासमोर. पाच मिनिटं.' पहिल्या दिवशी लोक हसले, पाटीसोबत फोटो काढून गेले. गॉगलने रखवालदार पाठवला. पण जागा सार्वजनिक, बंदी संपलेली, खुर्ची तिची. रखवालदार थोडा वेळ उभा राहून चहा प्यायला गेला.

तिसऱ्या आठवड्यात एका बाईने आपल्या मुलाला पट्टे बांधण्याआधी पायलटला सांगितलं, "आधी त्या बाईंकडून तपासून आणा." पायलट म्हणाला, शिक्का आहे. ती म्हणाली, "मग तपासायला काय हरकत आहे?" मागच्या रांगेतल्या चौघांनी तेच विचारलं. त्या दिवशी कंपनीचे दोन पंख पुन्हा बाहेर आलेच नाहीत, पोत्यातूनच परत गेले. का गेले, कुणी सांगितलं नाही.

सगळे विचारतात असं नाही. निम्म्याहून जास्त लोक अजून पाटी वाचतात, हसतात आणि उडायला जातात. त्यांना बघून मला संताप येतो. परवा मी तिच्यासाठी डबा घेऊन वर गेले होते, तेव्हा रांगेतला एक तरुण मैत्रिणीला म्हणाला, "ही तीच गं बाई, वेडी." मी डबा खाली ठेवून त्याच्याकडे निघालेच होते. वहिनी म्हणाली, "ठेव तो डबा इकडे. आणि जरा सावली धर, यंत्राच्या काचेवर ऊन येतंय, आकडा दिसत नाही."